आर्सेनिक टेस्ट किटचा रिव्ह्यू: विहिरीला चालेल, तळीच्या गाळाला अजिबात नको

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू लांबलाय. किट मागवलं एका कामासाठी, वापरलं भलत्याच कामासाठी, आणि त्यातून वाडीत जे रामायण झालं ते सांगितल्याशिवाय मी स्टार का कापले ते कळणारच नाही. घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा, विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी तपासायचंय, बिनधास्त घ्या. तळ्यातला गाळ, चिखल, शेतातली माती असलं काही तपासायचंय, पैसे पाण्यात घालू नका, सरळ लॅबला द्या.

तर झालं असं. आमचं घर कुडाळपासून आत, मालवणच्या अंगाला. वाडीत एक जुनी तळी आहे. धामापूरच्या तलावासारखी नाही हं, तो १५३० सालचा, २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळालाय, आमच्या तळीला मान म्हणजे गणपती पोचवायला गेल्यावर दरवर्षी एकजण तरी पायरीवरून घसरतो तेवढाच. पण तिच्या खाली वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या भाताची) शेती आहे, पाच-सहा घरांच्या विहिरी तिच्याच पाझरावर भरतात, त्यामुळे तिला कमी लेखून चालत नाही. यंदा तळी पार गाळानं भरली म्हणून वर्गणी काढून जेसीबी लावायचं ठरलं. ती गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना २०१७ पासून ऐकतोय आम्ही, पण ती आमच्या एवढ्याशा डबक्यापर्यंत कधी पोचणार, म्हणून आपलं आपणच. गाळ निघाला की तो माडांना, परसातल्या लाल भाजीला, मुळ्याला आणि राहिला तर भाताच्या कुणग्यांत टाकायचा, हे आमच्याकडे आजोबा-पणजोबांपासून चालत आलंय.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या मुंबईच्या चुलतभावानं फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला, तलावांच्या गाळात आर्सेनिक साठतं, विषारी असतं, कॅन्सर होतो, गाळाला हात लावू नका. भाऊ मे महिन्यात आठ दिवस येणार, फणस खाणार, वर्षभर ग्रुपवरून आम्हाला आरोग्य शिकवणार. पण खोटं कशाला बोला, मी पण घाबरलो. घरात दोन लहान पोरं आहेत, विहीर तळीपासून चाळीस पावलांवर आहे. रात्री अकरा वाजता ऑनलाइन बघत बसलो आणि हे किट ऑर्डर करून टाकलं.

किटचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारची सगळी किटं आतून जवळपास सारखीच असतात, वरचा खोका तेवढा वेगळा. मला साडेतीन हजारच्या आसपास पडलं, त्यात पन्नास टेस्ट. कुडाळपर्यंत कुरिअर पाच दिवसांत आलं, पुढे घरापर्यंत यायला नेहमीप्रमाणे तीन दिवस लागले, फोनवर "पत्ता सापडत नाही" म्हणत होता, आमच्या वाडीचा पत्ता पोस्टमनशिवाय कोणालाच सापडत नाही त्यात त्या पोराचा दोष नाही. पॅकिंग चांगलं होतं, बाटल्या फोममध्ये, पावडरींच्या पुड्या मोजून भरलेल्या, पट्ट्यांची डबी काळी, कारण त्या पट्ट्यांना उजेड चालत नाही. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, आणि अक्षर एवढं बारीक की मी मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचलं. इथे अर्धा स्टार गेला. हे किट जे गावातले लोक घेणार त्यांना मराठी-हिंदीत एक पान द्यायला काय जातं?

वापरायला सोपं आहे. बाटलीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, पहिली पुडी टाकून हलवायची, थोडं थांबायचं, मग आम्लाची पावडर आणि जस्ताची पावडर टाकून लगेच टोपण लावायचं, टोपणाच्या भोकात ती पट्टी अडकवलेली असते. आत फसफसायला लागतं. जस्त आणि आम्लातून हायड्रोजन निघतो आणि पाण्यात आर्सेनिक असेल तर त्याचा आर्सीन नावाचा गॅस होऊन वर येतो, पट्टीवर मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेलं असतं त्याला लागला की पट्टी आधी फिकट पिवळी, मग गडद पिवळी, मग तपकिरी होते. वीसेक मिनिटांनी पट्टी काढून खोक्यावरच्या रंगांशी जुळवायची. युक्ती जुनी आहे, १८३६ साली मार्श नावाच्या ब्रिटिश केमिस्टनं खुनाच्या केसेसमध्ये विष शोधायला ही जस्त-आम्लाची पद्धत काढली होती. म्हणजे ज्या ट्रिकनं पूर्वी कोणाला विष घालून मारलंय का ते शोधायचे, त्याच ट्रिकनं मी माझ्या विहिरीची चौकशी करत होतो.

एक इशारा मात्र मनावर घ्या. आर्सीन भयंकर विषारी गॅस आहे. आत तयार होतो तो अगदी किंचित, तरी खिडक्या उघड्या ठेवून नाहीतर ओटीवर बसून करा, वाकून वास घेऊ नका. पट्टीवर पारा असतो, वापरलेली पट्टी चुलीत टाकायची नाही, खतात तर नाहीच नाही. पोरांना लांब ठेवा, माझ्या धाकट्यानं जस्ताची पुडी म्हणजे ओआरएस समजून मागितली होती.

विहिरीच्या पाण्याची टेस्ट मस्त झाली. तीन वेळा केली, तीन दिवस, पट्टी तिन्ही वेळा पांढरीफटक. म्हणजे या किटच्या चार्टप्रमाणे १० पीपीबीच्या (पीपीबी म्हणजे अब्ज भागांत एक भाग) खाली. ही १० ची भानगड अशी की पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्राम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस १०५०० मानकात तीच ०.०१ मिलिग्राम अशी लिहिलेली असते, आकडा एकच. आर्सेनिकला चव नाही, वास नाही, रंग नाही, आणि उकळून ते जात नाही उलट पाणी आटल्यामुळे वाढतं, म्हणून नुसत्या डोळ्यानं आणि जिभेनं विहीर पास करणाऱ्यांनी हे करून बघायला हरकत नाही. आजीला सांगितलं पाणी चांगलं आहे, तर म्हणाली, "अरे मेल्या, माझी सासू ह्याच पाणी पिऊन नव्वद वर्सां जगली, तुझ्या त्या डब्याक इचारूक गेली नव्हती ती." ठीक आहे.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं.

पण माझ्या डोक्यात गाळ. म्हटलं पन्नासपैकी तीनच पट्ट्या संपल्यात, होऊन जाऊ दे. तळीच्या मधोमध अजून गुडघाभर पाणी होतं, तिथून मूठभर काळा चिखल काढला, फिल्टरच्या पाण्यात ढवळला, जरा बसू दिला आणि वरचं पाणी किटच्या बाटलीत ओतून टेस्ट लावली. पाच मिनिटं पण झाली नाहीत आणि पट्टी काळपट तपकिरी! चार्टवरच्या शेवटच्या रंगाच्या पण पुढे. माझे हातपाय गार. फोटो काढला आणि, ही माझी सगळ्यात मोठी चूक, वाडीच्या ग्रुपवर टाकला.

अर्ध्या तासात निकाल लागला. तळीच्या वर ज्यांची हापूसची बाग आहे ते दादा, फवारणी करतात, ती औषधं पावसात वाहून तळीत येतात, तेच हे विष. कोणी म्हणे ग्रामपंचायतीत जाऊ, कोणी म्हणे फवारणी बंद करा, एकानं तर दहा वर्षांपूर्वी मेलेल्या म्हशीचं कारण पण आजच शोधून काढलं. संध्याकाळी दादा स्वतः आमच्या खळ्यात आले आणि शांतपणे विचारलं, "तुझ्या त्या डब्यात माझी बाग गावली काय रे?" मला काही बोलता येईना. ते गेले. जाताना दरवर्षीसारखं "आंबे न्यायला ये" म्हणाले नाहीत, ते मला जास्त लागलं.

मग मी शुद्धीवर येऊन त्या बारीक अक्षरातलं माहितीपत्रक पुन्हा वाचलं. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलेलं, नमुन्यात सल्फाइड जास्त असेल तर चुकीचा रंग येऊ शकतो. आता तळीचा काळा चिखल म्हणजे काय? कुजक्या अंड्याचा वास कशाचा येतो त्याला? हायड्रोजन सल्फाइडचा. किटमधली ती पहिली पुडी सल्फाइडला मारायलाच असते, पण ती साध्या पाण्यातल्या थोड्याशासाठी, मी तिच्यापुढे अख्ख्या तळीचा गाळ उभा केला. आम्ल पडल्यावर चिखलातला तो गॅस भसाभस वर आला आणि त्यानंच पट्टी काळी केली. आर्सेनिक असेल, नसेल, पट्टीला ते कळायची सोयच राहिली नाही. सिव्हिल डिप्लोमावाला माणूस मी, केमिस्ट्रीशी बारावीनंतर काडीमोड झालेला, पण सूचना वाचायला केमिस्ट्री लागत नाही ना. आणि कंपनीला पण म्हणणं आहे, जी गोष्ट खोक्यावर ठळक लाल अक्षरात पाहिजे ती शेवटून दुसऱ्या ओळीत का? एक स्टार इथे गेला.

आता लॅबचा रिव्ह्यू, कारण खरं काम तिनंच केलं. घाटावर कोल्हापूरकडे एक खासगी लॅब आहे, ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरनं नंबर दिला. आपल्याकडे भूजल सर्वेक्षणाची लॅब, जिल्ह्याची पाण्याची लॅब असते, पाण्यासाठी तिकडे आधी विचारा, ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नमुने नेतात. मला गाळ तपासायचा होता म्हणून खासगी. फोनवर एक मॅडम होत्या, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वरचा की खालचा?" मी म्हटलं, कशाच्या वरचा? तर म्हणाल्या गाळ म्हणजे एकजीव वस्तू नाही, वहीच्या पानांसारखे थर असतात, नुसता मूठभर काढून पाठवलात तर आकडा येईल पण अर्थ लागणार नाही.

त्यांच्या सांगण्यावरून दोन इंची पीव्हीसी पाइप चिखलात दाबला, वरून हातानं तोंड बंद करून उपसला आणि घरी आणून आडवा ठेवून उभा चिरला. हे प्रत्येकानं एकदा तरी करून बघावं असं आहे राव. सगळ्यात वर बोटाच्या पेरापेक्षा पातळ गंजासारखा तपकिरी थर, त्याच्या खाली लगेच काळा मऊ लोण्यासारखा, वास मारणारा, आणि अजून खाली करडा, घट्ट, मधे मधे कुजलेली पानं. काळा भाग तासभर उघडा राहिला तर त्याची वरची साय तपकिरी व्हायला लागली माझ्या डोळ्यांदेखत. वरचा एक आणि हातभर खालचा एक असे दोन नमुने प्लास्टिकच्या डब्यात काठोकाठ भरले आणि मासळीच्या थर्माकोलच्या बॉक्समध्ये बर्फ घालून एसटी पार्सलनं पाठवले. लॅबवाल्यांनी नंतर सांगितलं की नमुन्याला बांगड्याचा वास होता. आमच्याकडे दुसरा बॉक्स कोणाच्या घरी असतो?

रिपोर्ट बारा दिवसांनी आला, सांगितले होते सात. तिकडे त्यांचा अर्धा स्टार जातो. वरच्या थरात आर्सेनिक किलोमागे सात मिलिग्राम आणि वर काहीतरी, खालच्यात तीनच्या आसपास. मी फॅमिली ग्रुपवर टाकायला नको होतं, तरी टाकलं, मला शिकवण लागतच नाही. चुलतभावानं लगेच गणित केलं, सात मिलिग्राम म्हणजे सात हजार पीपीबी, मर्यादा दहा, म्हणजे सातशे पट! आणि वर जास्त खाली कमी म्हणजे अलीकडेच कोणीतरी टाकलंय, बागच आहे, मी म्हटलंच होतं. ऐकायला एकदम पटतं ना? मला पण पटलं होतं. मॅडमना फोन केला, त्या पाऊण तास बोलल्या, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, आणि या रिव्ह्यूत मी लॅबला स्टार देतोय ते मुख्यतः त्या पाऊण तासाचे.

पहिलं म्हणजे पाण्याची मर्यादा गाळाला लावायची नाही. पाणी आपण पितो, गाळ कोणी पीत नाही. पृथ्वीच्या कवचातच सरासरी किलोमागे दोन मिलिग्रामच्या आतबाहेर आर्सेनिक आहे, चिखलापासून बनलेल्या शेल दगडात दहाच्या आसपास, साध्या मातीत पाचेक मिलिग्राम म्हणजे नेहमीचीच गोष्ट. रिपोर्टमध्ये तुलनेला कॅनडाचे गोड्या पाण्यातल्या गाळाचे आकडे दिले होते, ५.९ च्या खाली असेल तर काळजी नाही, १७ च्या वर असेल तर पाण्यातल्या जिवांना त्रास होण्याची शक्यता बरीच, मधे असेल तर बघायला पाहिजे. आमचा वरचा थर त्या मधल्या पट्ट्यात अगदी खालच्या टोकाला.

मग वर जास्त का? हे मला सगळ्यात आवडलं म्हणून जरा सविस्तर लिहितो. आर्सेनिकची लोखंडाच्या गंजाशी दोस्ती आहे, गंजाचे कण त्याला घट्ट धरून ठेवतात. आपल्याकडची लाल माती, जांभा दगड, सगळा लोखंडाचाच कारभार, पावसात ती माती वाहून तळीत येते, तिच्याबरोबर चिमूटभर आर्सेनिक येतं, कोणी टाकायला लागत नाही. तळाला पालापाचोळा कुजतो, त्यात प्राणवायू संपतो. मग तिथले जंतू श्वासाला प्राणवायूऐवजी गंज वापरतात, गंज विरघळतो आणि त्यानं धरलेलं आर्सेनिक सुटतं. सुटलेलं आर्सेनिक आणि विरघळलेलं लोखंड चिखलातल्या पाण्यातून हळूहळू वर सरकतं, वरच्या थराला पाण्यातला प्राणवायू भेटला की लोखंड पुन्हा गंजतं आणि आर्सेनिकला पुन्हा पकडतं. तो जो पातळ तपकिरी थर मी पाइपमध्ये बघितला, तो म्हणजे हा पिंजरा. नवीन गाळ बसला की जुना थर खाली दबतो, विरघळतो, पुन्हा वर. वर्षानुवर्षं हेच. त्यामुळे वरच्या थरात आर्सेनिक आपोआप जमत जातं, आणि नुसता आकडा बघणाऱ्याला वाटतं की गेल्या दहा वर्षांत कोणीतरी विष ओतलं. जपानच्या बिवा सरोवरात पण वरच्या गाळात असंच आर्सेनिक आणि मँगनीज (लोखंडासारखाच वागणारा धातू) जमलेलं सापडलंय, असं मॅडम म्हणाल्या.

मी विचारलं, पण बागेतनं आलं नसेल कशावरून? तर त्यांनी रिपोर्टचा दुसरा रकाना दाखवला जो मी बघितलाच नव्हता. वरच्या थरात लोखंड पण जास्त आणि मँगनीज पण जास्त, जवळपास आर्सेनिकच्याच हिशेबात. तिघं हातात हात घालून वर आलेत. बागेतून नुसतं आर्सेनिक आलं असतं तर लोखंड कशाला त्याच्याबरोबर वाढलं असतं. शिवाय हल्ली आंब्यावर जी औषधं मारतात ती आर्सेनिकची नसतात. पूर्वी परदेशात सफरचंदाच्या बागांवर लेड आर्सेनेट मारायचे, तिथल्या मातीत ते अजून सापडतं पण त्याच्यासोबत शिसं सापडतं, आमच्या रिपोर्टमध्ये शिसं वर-खाली सारखंच होतं. माणसानं केलेलं खरंखुरं प्रदूषण बघायचं तर कॅनडात यलोनाइफ, तिथल्या जायंट माइननं सोन्याचं खनिज भाजताना एवढं आर्सेनिक काढलं की २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची धूळ जमिनीखाली साठवून ठेवलीय, आणि धुराड्यातून उडालं ते आसपासच्या तलावांत बसलं. पण तिथे पण शास्त्रज्ञांना आधी हेच सोडवावं लागतं, की खडकातलं मूळचं किती, वर सरकलेलं किती, धुराड्याचं किती. गाळाचे थर कोणत्या सालचे ते शिसे-२१० या शिशाच्या किरणोत्सारी प्रकारावरून काढतात, तो झिजून निम्मा व्हायला साधारण बावीस वर्षं लागतात. आमच्या तळीला एवढं कोण करणार, पण लोखंडाचा रकाना सात-आठशे रुपयांत जास्तीचा मिळतो, तो मात्र घ्याच. तो नसता तर दादांची बाग आजपण बदनाम असती.

मूळचं आर्सेनिक म्हणजे निरुपद्रवी असं पण नाही हं. बंगालात जे झालं ते कोणी कारखान्यातून सोडलं नव्हतं, नदीच्या गाळातच होतं, कूपनलिका त्याच गाळात उतरल्या, १९८३ च्या सुमारास कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे हातापायांवर डाग आणि खडबडीत कातडीचे पेशंट यायला लागले तेव्हा उलगडा झाला. आपल्या शेजारी छत्तीसगडात राजनांदगावकडच्या कौडीकसा गावात तर खडकातूनच पाण्यात उतरतं. महाराष्ट्रातला बराचसा काळा दगड बेसॉल्ट, त्यात मुळात आर्सेनिक कमी, आणि आमच्याकडचा जांभा ते धरून ठेवतो. आयआयटी खरगपूरच्या लोकांनी तर जांभ्याचाच फिल्टर केलाय पाण्यातलं आर्सेनिक काढायला. आपण त्याचे चिरे करून कंपाउंड बांधतो.

आणि आपल्याकडे हे नाव तरी कुठे नवीन आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकच, मनशीळ पण तेच घराणं, सोमल म्हणजे तर पांढरं आर्सेनिक. जुन्या पोथ्यांत चुकलेलं अक्षर झाकायला पिवळा हरताळ लावायचे, हरताळ फासणे त्यातूनच आलं. माझ्या गाळाच्या टेस्टनं दादांच्या अब्रूवर जो फासला तो काढायला मला तीन आठवडे आणि लॅबचं बिल लागलं.

भाताचं काय, हे पण विचारलं, कारण भात पाण्यात उभा असतो, मुळाशी प्राणवायू नसतो, गंजातलं आर्सेनिक तिथे पण सुटतं आणि भाताचं मूळ त्याला वाळूतल्या सिलिकासारखंच समजून ओढून घेतं. म्हणून बाकी पिकांपेक्षा तांदळाची चर्चा जास्त. सात मिलिग्रामच्या गाळाची एवढी धास्ती नको म्हणाल्या, तरी मन खात असेल तर गाळ माडांना आणि भाजीला घाला, कारण उघड्या मातीत हवा लागली की गंज पुन्हा पकडतो. आणि भात भरपूर चांगल्या पाण्यात शिजवून वेळून काढला की तांदळातलं आर्सेनिक बऱ्यापैकी पाण्याबरोबर जातं. आजीला सांगितलं तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी तिला चूल पेटवायला शिकवतोय. गेल्या वर्षी कुकर आणून तिचं वेळणं बंद केलेला मीच.

अजून एक, तळीच्या कडेला तेलासारखा रंगीत तवंग दिसतो त्यावरून पण ग्रुपवर बोंब झाली होती की डिझेल सोडलंय. काठीनं ढवळून बघा, काचेसारखे तुकडे पडले आणि तुटलेलेच राहिले तर ते लोखंडाच्या जंतूंचं काम, पुन्हा फिरून एक झाला तर तेल. आमच्या तळीत तुकडे पडले. याला किट पण लागत नाही.

आता स्टार. किट, पाण्यासाठी पाचपैकी साडेतीन: टेस्ट सोपी, पट्ट्या व्यवस्थित, पण माहितीपत्रक वाईट आणि १० ते ५० च्या मधले रंग डोळ्यांनी ओळखणं कठीण, ट्यूबलाइटच्या उजेडात तर अजिबात बघू नका, सकाळी ओटीवर बघा. पट्टीला जरासा जरी पिवळेपणा दिसला तर त्यावर विश्वास न ठेवता लॅबला पाणी द्या, आणि लॅबकडूनच आम्ल घातलेली बाटली मागवा, घरच्या बिसलेरीच्या बाटलीत नेलं तर वाटेत आर्सेनिक गंजाबरोबर तळाला आणि बाटलीच्या कडांना बसतं. किट, गाळासाठी शून्य. मुळात गाळातलं आर्सेनिक कडक आम्लात उकळल्याशिवाय नीट सुटत नाही, म्हणजे एकीकडे सल्फाइडमुळे नसलेलं दिसतं आणि दुसरीकडे असलेलं सुटतच नाही, दोन्हीकडून मार. लॅबला चार: दिवस जास्त लावले, रिपोर्टवर एककांचा खुलासा नव्हता, बाकी फोनवरची समजूत एक नंबर. दोन नमुन्यांचे सगळे मिळून चार हजारच्या आत गेले, वाडीनं वर्गणीतून अर्धे दिले.

रिपोर्ट घेऊन मी स्वतः दादांच्या बागेत गेलो, लोखंडाचा रकाना हिरव्या पेनानं गोल करून. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, काही बोलले नाहीत, आत जाऊन पेटीतले डझनभर पिकलेले आंबे पिशवीत घातले आणि म्हणाले, "ह्ये पण घाल तुझ्या डब्यात." गाळ आता माडांच्या आळ्यांत आहे, आजीनं दोन घमेली गुपचूप लाल भाजीला नेली ती वेगळी.

किटमध्ये अजून चाळीसेक पट्ट्या शिल्लक आहेत, एक्स्पायरी पुढच्या मार्चची. आसपासच्या वाड्यांत कोणाला विहीर तपासायची असेल तर पाण्याची स्वच्छ बाटली घेऊन रविवारी सकाळी या, फुकट करून देतो. चिखल आणू नका.